नानांचे सँक्शन

'सँक्शन' हा शब्द इंग्रजी आहे, हे मला पुष्कळ उशिरा कळले. माझे वडील, म्हणजे नाना, जिल्हा परिषदेच्या बांधकाम विभागात होते आणि आमच्या घरात गहू, रॉकेल आणि सँक्शन ही तिन्ही नावे सारख्याच सहजपणे घेतली जात. रस्त्याच्या कामाला आधी प्रशासकीय मान्यता लागते आणि मग तांत्रिक मान्यता. पहिलीला नाना 'ए. ए.' म्हणत, दुसरीला 'टी. एस.', आणि त्यातला 'एस' सँक्शनचा, एवढे ज्ञान मला चौथीतच झाले होते. टी. एस. झाल्याखेरीज निविदा निघत नसे, त्यामुळे नाना ताटावर गप्प बसले की कुठले तरी टी. एस. अडले आहे हे आई न विचारता ओळखत असे. पुढे घराचे कर्ज सँक्शन झाले, त्या संध्याकाळी तिने देवापुढे नारळ वाढवला. एकूण, सँक्शन म्हणजे चांगली बातमी, हे आमच्याकडे ठरून गेलेले होते.

त्याला तडा गेला तो मे १९९८ मध्ये. अकरा आणि तेरा तारखेला पोखरणला अणुचाचण्या झाल्या होत्या. नाना तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते आणि उरलेल्या वेळात इंग्रजी सुधारायचे म्हणून एक इंग्रजी वर्तमानपत्र घेऊ लागले होते. रोज पाच नवे शब्द एका जुन्या डायरीत उतरवायचे, असा त्यांचा नेम होता. त्या सकाळी ते चष्मा कपाळावर सरकवून म्हणाले, "अगं, अमेरिकेने आपल्याला सँक्शन दिलंय म्हणे. किती दिलंय, ते मात्र कुठे लिहिलेलं नाही."

मी तेव्हा महाविद्यालयात होते, म्हणजे घरातली इंग्रजी जाणणारी व्यक्ती मीच. पण बातमीत राग दिसत होता आणि शब्द तर आनंदाचा होता, त्यामुळे मलाही उत्तर सुचेना. शेवटी शब्दकोश काढला. पहिला अर्थ मंजुरी, अधिकृत संमती. आणि त्याच्याच खाली, दोनच बोटे अंतरावर, नियम मोडल्याबद्दलची शिक्षा, निर्बंध. नानांनी तो उतारा दोनदा वाचला आणि म्हणाले, "एकाच टिप्पणीवर 'मंजूर' आणि 'नामंजूर' असे दोन शेरे, आणि खाली सही एकाच साहेबाची! असली फाइल मी परत पाठवली असती."

त्यांना जो गोंधळ वाटला, त्याचे मूळ लॅटिनमध्ये आहे. 'सांकिरे' म्हणजे एखादी गोष्ट पवित्र, अनुल्लंघनीय ठरवणे. 'सेंट' हा संतवाचक इंग्रजी शब्दही याच मुळातून आलेला आहे. रोमन कायद्याच्या मसुद्यात शेवटी एक कलम असे, ज्यात हा कायदा मोडणाऱ्याचे काय होईल ते सांगितलेले असे, आणि त्या कलमाचे नावच 'सांक्तिओ' होते. कायद्याला धार येते ती त्या कलमामुळे. म्हणजे शब्दाच्या पोटात मुळात होती ती अधिकाराची मोहोर, आणि त्या मोहोरेने परवाना द्यायचा की दंड ठोठवायचा, हे पुढच्या लोकांनी आपापल्या सोयीने ठरवले. इतिहासाच्या पुस्तकात १७१३ सालचे 'प्रॅग्मॅटिक सँक्शन' भेटते, ज्याच्या आधारे सहाव्या चार्ल्सने आपल्या मुलीकडे, मारिया थेरेसाकडे, हॅब्सबर्ग घराण्याचा वारसा जाईल अशी सोय केली. परीक्षेपुरते ते पाठ करताना ती परवानगी होती की बंदी, हा प्रश्न मला पडलाच नव्हता. ते दोन्ही नव्हते, ते राजाचे फर्मान होते. शब्दाचा तो मधला, जुना अर्थ.

वापराचा नियम म्हणाल, तर इंग्रजीत तो बराचसा एकवचन-अनेकवचनावर चालतो. सरकारच्या संमतीने काही घडले, तर शब्द एकवचनी येतो. एखाद्या देशाचे व्यापारात नाक दाबायचे असेल, तर तो अनेकवचनी होतो, जसा तो १९३५ मध्ये इथिओपियावर चाल करून गेलेल्या इटलीविरुद्ध राष्ट्रसंघाने वापरला. खरी अडचण क्रियापदात आहे, कारण तिथे हा आधार नाही. क्रियापद म्हणून 'संमती देणे' हा अर्थ जुना, 'निर्बंध लादणे' हा विसाव्या शतकातला. त्यामुळे 'अमुक सरकारने तमुक कंपनीला सँक्शन केले' एवढेच वाक्य हातात आले, तर कंपनीला पेढे पाठवावेत की सांत्वनाचे पत्र, हे पुढचा मजकूर वाचूनच कळते. मराठीने मात्र ही गाठ आपल्या परीने सोडवली आहे. आपल्याकडे सँक्शन 'होते' किंवा 'मिळते', आणि सँक्शन्स 'लादली जातात' आणि 'उठवली जातात'. क्रियापदाकडे पाहिले की नामाचा स्वभाव कळतो.

त्यातही एक जागा अशी आहे, जिथे दोन्ही अर्थ एकमेकांच्या अगदी जवळ येऊन बसतात. सरकारी नोकराने कर्तव्य बजावताना केलेल्या कृत्याबद्दल त्याच्यावर खटला भरायचा, तर १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १९७ प्रमाणे सरकारचे 'सँक्शन' लागत असे. मराठी वर्तमानपत्रे त्याला 'खटला चालवण्यास मंजुरी' म्हणतात. शब्द परवानगीचा, पण परवानगी कशाची, तर एखाद्याला शिक्षेच्या दारापर्यंत नेण्याची. नानांना हे उदाहरण फार आवडले. कचेरीतल्या माणसाला अशा गोष्टीत काय गोडी वाटते, ते कचेरीतल्या माणसांनाच ठाऊक.

आईला मात्र या चर्चेचे नवल वाटले नाही. ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "त्यात काय एवढं? आपण नारळ फोडतो आणि 'वाढवला' म्हणतो. बांगडी पिचली तरी ती 'वाढवली'. आणि तुम्ही घरातून निघताना 'येतो' म्हणता, तेव्हा काय घरात येत असता?" मी आणि नाना, दोघेही गप्प. अर्थात आपल्या 'वाढवण्या'मागे अशुभ उच्चार टाळण्याची रीत आहे, इंग्रजीतल्या शब्दाला तसले काही कारण नाही. पण शब्दाचा उलटा अर्थ घेऊन माणसे सुखाने नांदू शकतात, हा तिचा मुद्दा खोडता येण्यासारखा नव्हता.

नानांनी डायरीत नोंद केली: 'सँक्शन – (१) मंजुरी, (२) निर्बंध. प्रसंग पाहून.' थोड्याच दिवसांत बातमी आली, की अमेरिका आणि इतर मोठ्या देशांच्या विरोधामुळे जागतिक बँकेची भारताला मिळायची काही कर्जे लांबणीवर पडली आहेत. नानांनी ती मोठ्याने वाचली, वर पाहिले आणि विजयी मुद्रेने म्हणाले, "म्हणजे सँक्शन लागल्यामुळे सँक्शन अडलं!"

सप्टेंबर २००१ मध्ये अमेरिकेने ते निर्बंध उठवले, त्या दिवशी त्यांनी ती डायरी शोधून काढली, नोंदीपुढे तांबड्या पेन्सिलीने 'निकाली' असा शेरा मारला आणि खाली तारखेसह आपली सही केली.