घूं, चर्र आणि टक

आपलं घर शांत आहे असं ज्याला वाटतं, त्याने एकदा माइक लावून, तोंडातून अवाक्षर न काढता, दहा सेकंद रेकॉर्डिंग करावं आणि हेडफोनवर आवाज चढवून ऐकावं. फ्रिज, पंखा, खालच्या मजल्यावरचा मिक्सर, ठाण्यातल्या घोडबंदर रोडवर रात्री उशिरा निघालेले ट्रेलर, सगळे हजेरी लावतात. कानाने हे सगळं केव्हाच सोडून दिलेलं असतं. माइकला ती भीडभाड नसते.

आणि घरी गाणं रेकॉर्ड करताना नको तो आवाज आला की खापर मात्र फुटतं माइकवरच. आजार रेड्याला आणि औषध पखालीला! नवा, महागडा माइक येतो आणि जुनी घूं, म्हणजे विजेची ती सतत घुमणारी गुणगुण, त्याच्यातही तशीच ऐकू येते. उलट माइक जास्त संवेदनशील असेल तर ती आणखी स्पष्ट ऐकू येते.

या घूंची ओळख आधी पटवून घ्यावी. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची, म्हणजे सेकंदाला 50 हेलकाव्यांची. त्यामुळे घूं 50 वर असते आणि तिची भावंडं 100, 150 वर. पेटीवर शोधाल तर ती पांढरी पाचच्या (पाचव्या पांढऱ्या पट्टीच्या) जवळ, पण थोडी चढी सापडेल. म्हणजे काळी एकमध्ये, पहिल्या काळ्या पट्टीला सा धरून, गाणाऱ्याच्या मागे ती अखंड तीव्र मध्यम लावून बसते, तोही बेसूर. ज्या रागात मध्यमच नाही तो भूप गाणाऱ्याचा तर अंतच बघते. शिकवणीचे व्हिडिओ बहुतेक अमेरिकेतले, तिथली वीज 60 हर्ट्झची. त्यात सांगितलेला फिल्टर जसाच्या तसा लावला की घूं जागच्या जागी राहते आणि वर आवाजातलं भलतंच काहीतरी कापलं जातं.

मुळाशी जायचं तर पहिला प्रश्न असा, की घूं रेकॉर्डिंगमध्ये आहे की फक्त स्पीकरमध्ये? हेडफोन लावून ऐका. हेडफोनमध्ये स्वच्छ असेल तर फाइल ठीक आहे, भानगड स्पीकरच्या वायरिंगची आहे. घूं कुठेही असो, लॅपटॉपचा चार्जर काढा आणि बॅटरीवर चालवून बघा. घूं थांबली तर चोर सापडला. चार्जर एका भिंतीवर, स्पीकर दुसऱ्या भिंतीवर. दोन्हीकडच्या अर्थिंगमध्ये बारीक फरक पडतो आणि त्या फरकाचा प्रवाह ऑडिओ केबलच्या जाळीतून (तारांभोवतीच्या धातूच्या वेष्टणातून) फेऱ्या मारत बसतो. उपाय स्वस्त आहे. लॅपटॉप, इंटरफेस (माइकचा आवाज लॅपटॉपला पोचवणारी डबी) आणि स्पीकर एकाच चांगल्या थ्री-पिन एक्स्टेंशन बोर्डवर घ्या. अर्थची जाड पिन कापून घूं घालवणारे महाभाग भेटतात, त्यांचं ऐकू नका. ती पिन जिवासाठी असते, आवाजासाठी नव्हे.

केबलचंही तसंच. माइकच्या एक्सएलआर केबलमध्ये तीन पिना असतात: 1 वर जाळी, 2 आणि 3 वर तोच आवाज उलटसुलट. वाटेत विजेची जी काही घाण मिसळते ती दोन्ही तारांवर सारखीच मिसळते, आणि इंटरफेस दोन्हींमधला फरक तेवढा घेत असल्यामुळे ती आपसूक गळून जाते. इंटरफेसपासून स्पीकरपर्यंत गिटारची साधी दोन तारांची केबल लावली की हे संरक्षण गेलंच. आणि माइकची केबल विजेच्या वायरीला समांतर, गळ्यात गळा घालून नेऊ नये. ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडावी.

घूंच्या जागी कर्कश घर्रर्र असेल तर पंख्याच्या रेग्युलेटरकडे बघा. गोल फिरणारा, कुठेही थांबणारा रेग्युलेटर विजेची लाट सेकंदाला 100 वेळा कापतो आणि तो कापण्याचा आवाज इलेक्ट्रिक गिटारच्या पिकअपला (तारांची कंपनं टिपणाऱ्या चुंबकाला) फार आवडतो. टप्प्याटप्प्याने कट-कट फिरणारा बराच सभ्य. तसा गाताना पंखा बंदच करावा लागतो. ठाण्याच्या मे महिन्यात गाण्यातली तयारी म्हणतात ती हीच.

चर्रची गोष्ट वेगळी. केबल प्लगपाशी चार-पाच सेंटिमीटरवर हलवून बघा. तार बहुधा तिथेच आतून तुटलेली असते, कारण गुंडाळताना वाकते ती तिथेच. हा प्रयोग करताना स्पीकर बंद, हेडफोन हळू, आणि प्लग काढण्याआधी 48 व्होल्टचं फॅन्टम, म्हणजे केबलमधून माइकला जाणारी वीज, बंद. केबल बदलूनही चर्र राहिली आणि महिना जुलै असेल, तर कंडेन्सर माइकच्या आत दमटपणा शिरलाय. कॅप्सूलमागचं (आवाज झेलणाऱ्या पडद्याच्या डबीमागचं) सर्किट इतक्या नाजूक विजेवर चालतं की पृष्ठभागावरची किंचित ओलही तिला वाट करून देते. एसीच्या खोलीतून माइक थेट दमट खोलीत आणू नका, आणलात तर निदान अर्धा तास तसाच ठेवा. ठेवायला घट्ट झाकणाचा डबा, आत सिलिका जेल. तांदळात ठेवू नका, तांदळाची भुकटी कॅप्सूलच्या पडद्यावर बसते.

टक मात्र बहुतेकदा कॉम्प्युटरची. बफर, म्हणजे कॉम्प्युटर एका वेळी आवाजाचे किती सॅम्पल (नमुने) हाताळतो तो आकडा, 64 वर असेल तर 256 करा, इंटरफेस यूएसबी हबमधून काढून थेट लॅपटॉपला लावा, पॉवर सेव्हिंग बंद करा. सेकंदाला 48,000 सॅम्पलच्या रेटला 128 सॅम्पल म्हणजे पावणेतीन मिलिसेकंदांच्या आत, 1024 म्हणजे एकवीस; गाताना लहान, मिक्स करताना मोठा. त्याच मेनूत सॅम्पल रेटही बघून घ्या. 48,000 ची फाइल 44,100 समजून वाजली तर काळी एकचं गाणं पांढरी एकच्याही खाली घसरतं आणि तीन मिनिटांचं गाणं सोळा सेकंद लांबतं. गाणाऱ्याला वाटतं गळा बसला.

रेकॉर्डिंगची लेव्हल सरासरी उणे 18 डेसिबलच्या आसपास, टोकं उणे 10 च्या खाली. 24 बिटमध्ये हळू घेतलेलं वाढवता येतं, शून्यावर, म्हणजे कमाल मर्यादेवर, आपटून सपाट झालेलं मात्र परत येत नाही. ट्रेलरची गडगड 80 हर्ट्झच्या खालचं कापणाऱ्या फिल्टरने बरीच जाते, आणि गाण्याला धक्काही लागत नाही, कारण काळी एकचा मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचमही 104 हर्ट्झवर असतो.

हे सगळं करूनही दिवसातून दोनदा ठरावीक वेळी एकच मोठा टक येत असेल, तर लॅपटॉपला दोष देऊ नका. तो सोसायटीचा पाण्याचा पंप. सुरू होताना त्याचा स्टार्टर सगळ्या इमारतीच्या वायरिंगला झटका देतो. पंप कधी लावतात ते वॉचमनला विचारून ठेवा आणि टेक त्या वेळा सोडून घ्या.