वाऱ्याने आणून टाकलेलं

रात्री वादळ होऊन गेलं की सकाळी मी आपलं काय मोडलं ते बघायला बाहेर पडतो, आणि आधी दिसतं ते शेजाऱ्यांचं सामान. परवाही तेच. गुलाबाच्या वाफ्यात पांढरी प्लॅस्टिकची खुर्ची चारी पाय वर करून पडलेली. कुंपणाच्या तारेत निळी ताडपत्री गुरफटलेली. आणि झाडाच्या खालच्या फांदीवर, कुणी मुद्दाम झटकून वाळत घातल्यासारखा, पट्ट्यापट्ट्यांचा एक पायजमा.

खुर्ची कुणाची हे विचारायची गरज नव्हती. रोज संध्याकाळी शेजारचे काका तिच्यावर बसून पेपर वाचतात, ते मला स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं. पायजम्याबद्दल मात्र मला काही माहीत नसायला हवं होतं. शेजार हा बराचसा एकमेकांचं न बघण्यावर चालतो, आणि वाऱ्याला तेवढी रीत नसते.

वाऱ्याचा जोर मोजण्यासाठी फ्रान्सिस ब्यूफर्ट या ब्रिटिश नौदल अधिकाऱ्याने १८०५ साली एक मोजपट्टी तयार केली. शून्य ते बारा. सहाला छत्री सावरणं कठीण होतं, आठला झाडांच्या डहाळ्या मोडतात. ही माणसं समुद्रावरची, त्यामुळे शेजाऱ्यांचा विचार त्यात नाही. मी मनातल्या मनात वेगळी पट्टी केली आहे: पाचला रुमाल येतो, सहाला पायपुसणं, सातला पायजमा, आणि आठला खुर्ची व ताडपत्री जोडीने येतात. नऊला काय येतं ते एकदाच पाहिलंय. पत्रा आला होता. त्या दिवशी मी जाड हातमोजे चढवले, तुटलेली वीजवाहिनी कुठे लोंबत नाही ना ते दोनदा बघितलं आणि मगच जवळ गेलो. पत्र्याच्या बाबतीत शेजारधर्म नंतर, हात आधी.

ताडपत्री सोडवायला अर्धा तास गेला. तिच्या तीन कोपऱ्यांच्या कड्या कापडाच्या तुकड्यासकट उपटून निघाल्या होत्या. चौथ्या कोपऱ्याला दोरी होती आणि दोरीला गाठ, ती जशीच्या तशी. मला त्या गाठीचं कौतुक वाटलं. वारा ताशी साठ किलोमीटरचा असला तर समोर आडव्या धरलेल्या प्रत्येक चौरस मीटरवर साधारण सतरा किलो वजनाइतका रेटा देतो. ताडपत्री दोन मीटर बाय दोनची. म्हणजे अंगावर एक धडधाकट माणूस रेलल्यासारखंच. शिवाय वेग दुप्पट झाला की रेटा दुप्पट नाही, चौपट होतो. तेव्हा काकांनी निष्काळजीपणा केला असं म्हणायची सोय त्या गाठीने ठेवली नाही. त्यांनी बांधली होती. ताडपत्रीनेच हाय खाल्ली.

खुर्ची मात्र बांधलेली नव्हती, आणि खुर्चीनेच माझा गुलाब मोडला. चांगला जोमात होता, तीन कळ्या धरलेल्या. फांदी बुंध्याशी चिरून सालीच्या एका पट्टीवर लोंबत होती. आता यात चूक कुणाची? वादळ माणसाच्या हातचं नाही, हे खरं. पण वादळ येणार हे ठाऊक असताना सुटी खुर्ची बाहेर कुणी ठेवली, हा प्रश्न कायदेपंडितही विचारतात. मीही विचारला. कळ्यांकडे बघत, एकट्यानेच.

कायद्याचा विषय निघालाच आहे तर सांगतो, या बाबतीत जुन्या रोमन लोकांनी बरंच डोकं चालवलं होतं. वादळात जहाज हलकं करायला समुद्रात फेकलेला मालसुद्धा मूळ मालकाचाच राहतो, असं सहाव्या शतकातल्या जस्टिनियन बादशहाच्या कायदेसंग्रहात आहे. कारण तो माल नकोसा झाला म्हणून कुणी फेकत नाही. स्वतःच्या हाताने फेकलेल्याची ही कथा, तर वाऱ्याने हिसकावून नेलेल्याची काय? तिथल्या प्रिटरने, म्हणजे न्यायाधिकाऱ्याने, अशीही तजवीज केली होती की तुझ्या झाडाची फळं शेजाऱ्याच्या जमिनीत पडली तर एक दिवसाआड जाऊन वेचून आणायला त्याने आडकाठी करू नये. एक दिवसाआड! हा नियम करणाऱ्याला शेजारी नक्की होता. जर्मनांच्या १९०० सालापासून लागू असलेल्या नागरी कायद्यात तर उडालेल्या मधमाश्यांच्या थव्यामागे धावताना दुसऱ्याच्या जमिनीत शिरायची मुभा मधपाळाला आहे. पायजम्यामागे धावण्याबद्दल वेगळं कलम माझ्या पाहण्यात नाही.

तर वस्तू काकांचीच, याबद्दल दोन हजार वर्षांत फारसा वाद नाही. अडचण आहे ती परत नेऊन द्यायची. खुर्ची सोपी. ताडपत्री चिखल झटकून, घडी घालून द्यावी. पायजम्याचं काय करायचं? घडी घातली तर जवळीक वाटते, बोळा केला तर तुच्छता. धुऊन दिला तर, तुमचे कपडे आम्हाला धुवावे लागतात, असा अर्थ निघतो. शेवटी मी तो ताडपत्रीच्या घडीत सरकवला. त्यांना सापडेल, मला माहीत नाही.

खुर्ची डोक्यावर आणि ताडपत्री काखेत घेऊन त्यांच्या फाटकाशी गेलो. वाटेत वाक्य जुळवत होतो. 'हे तुमचं का?' यात उगाच भोळेपणा आहे. 'हे तुमचं' यात फिर्याद आहे. म्हणून, 'वाऱ्याने आणून टाकलं बघा,' असं म्हणालो. कर्ता वारा. काकाही लगेच वाऱ्यावर घसरले.

'तुमच्याकडे आलं होतं होय!' ते म्हणाले. खुर्ची चार दिवस पाहुणी राहून आल्यासारखं. मग म्हणाले, 'झाडाबिडांना काही लागलं नाही ना?'

'छे छे, काही नाही.'

मराठीत 'छे छे' इतक्या सहज तोंडातून निघतं की मनाला विचारायला सवडच मिळत नाही. परत येऊन गुलाबाची फांदी कापताना मी काकांवर नाही, स्वतःवरच चिडलो होतो.

आमच्याकडे वादळ बहुतेकदा एकाच बाजूने येतं. काकांचं माझ्याकडे, आणि माझं पलीकडे, मागच्या घरात. त्या लोकांशी ओळख नाही. एकदा सांडपाण्यावरून दोन शब्द झाले, तेवढीच. तिकडून आजवर काही परत आलेलं नाही, आणि मीही मागायला गेलेलो नाही. मागच्या वादळात माझी पिवळी बादली गेली. फाटकाशी जाऊन 'आमची बादली आली का?' असं विचारायचं मी तीनदा ठरवलं. सामान परत करणारा निदान काहीतरी घेऊन उभा असतो. मागणाऱ्याचे हात रिकामे.

गच्चीवरून ती बादली मला दिसते. मागच्यांनी तिच्या बुडाला भोकं पाडली, माती भरली आणि मोगरा लावला. रोमन कायद्यात मुळं धरलेलं रोप ज्याची माती त्याचं. म्हणजे बादली माझी, माती त्यांची, आणि मोगराही त्यांचाच. परवाच्या एवढ्या वाऱ्यात ती जागची हलली नाही, भरलेली होती ना. सकाळी बघितलं तर सहा-सात फुलं होती.