ब्रेल सराव, सातवा महिना: पूर्णविरामापाशी अडलोय

अक्षरं आता बऱ्यापैकी बोटात बसलीत, अडतंय ते विरामचिन्हांवर. आरपीमुळे (रेटिनायटिस पिगमेंटोसा, डोळ्याच्या पडद्याचा आजार) माझी नजर कडेकडून मिटत आत येतेय, मधलं थोडं अजून दिसतं, आणि तेवढ्यानेच घात होतो कारण मी ठिपके डोळ्यांनीच वाचून मोकळा होतो. म्हणून हल्ली कागदावर टॉवेल टाकून हात त्याच्याखाली घालून बसतो.

आपल्या भारती ब्रेलमधली (भारतीय भाषांसाठीची ब्रेल लिपी, १९५१ पासूनची) बरीच चिन्हं म्हणजे अक्षरच एक ओळ खाली सरकवलेलं. एका सेलमध्ये, म्हणजे एका चिन्हाच्या चौकटीत, सहा ठिपक्यांच्या जागा, डावीकडे वरून खाली १-२-३, उजवीकडे ४-५-६. द चे ठिपके १-४-५, ते खाली सरकले की २-५-६, झाला पूर्णविराम. ह चे १-२-५, खाली आले की २-३-६, प्रश्नचिन्ह. डोळ्याला हे पटकन कळतं, पण बोटाला नुसता आकार लागतो, तो वर आहे का खाली हे शेजारच्या अक्षरावरूनच समजतं. परवा 'येतोस का?' हे मी तीनदा 'येतोस काह' असं वाचलं. आता शंका आली की बोट जरा मागे नेतो, आधीच्या काना-मात्रेचा वरचा ठिपका चाचपतो आणि मग पुढे जातो, वेळ लागतो पण चुकत नाही. फ आणि उद्गारचिन्ह तर एकच, २-३-५, 'साफ!' लिहिलं की शेवटी तोच सेल दोनदा येतो, तिथे अर्थावरूनच ठरवायचं.

स्लेटवर (हाताने ठिपके टोचायची पट्टी) मोठी चूक झाली. तिथे उजवीकडून डावीकडे टोचायचं आणि कागद उलटून वाचायचं, म्हणजे प्रत्येक सेल आरशातल्यासारखा. अक्षरं नीट टोचली, पूर्णविराम मात्र वाचताना लागतो तसाच सरळ टोचत गेलो, आणि २-५-६ उलटलं की होतं २-३-५. पान आईच्या आजारपणाबद्दल होतं, शांतपणे लिहिलेलं, आणि वाचायला घेतलं तर प्रत्येक वाक्य ओरडत होतं. फार वाईट वाटलं, सगळं पान परत लिहिलं.

जोडाक्षरं मात्र मला मनापासून आवडायला लागलीत. हलन्त म्हणजे एकटा ४ नंबरचा ठिपका, तो आधी येतो, 'ब्रेल' म्हणजे ४, ब, र, ए, ल, त्यामुळे पुढचं अक्षर अर्धं आहे हे बोटाला अगोदरच कळतं. पहिली वेलांटीपण बोलतो तशी अक्षराच्या नंतरच. फक्त 'मऊ' लिहिताना मध्ये अ घालायला विसरायचं नाही, नाहीतर सरळ 'मू' होतं.

पुढच्या आठवड्यात अवतरणचिन्हं घेतोय. सुरुवातीचं अवतरण परत २-३-६ च, प्रश्नचिन्हाचाच सेल, शब्दाच्या आधी आलाय का नंतर एवढाच फरक. ज्यांचं हे होऊन गेलंय त्यांनी सराव कसा केला ते सांगा ना, सुटे शब्द घेतले की थेट संवाद असलेली गोष्टच वाचायला घेतली?