घोषणेतलं कारवार

'बेळगाव, कारवार, निपाणी, बिदर, भालकीसह संयुक्त महाराष्ट्र झालाच पाहिजे!' एक नोव्हेंबरच्या, काळ्या दिनाच्या सायकल फेरीत घसा बसेपर्यंत ओरडलोय हे. पण कारवार बघितलं होतं कुणी? आमच्या घरात तरी कुणीच नाही. आम्हा बेळगावकरांचा समुद्र म्हणजे गोवा, चोर्ला घाट उतरला की झालं. डिसेंबरात मी कारवारचं ठरवलं तर बाबा म्हणाले, "कारवारला जायलास? मग मी पण येतो. पन्नास वर्षं नाव घेतलंय, एकदा बघून तरी येऊ."

खानापूर, रामनगर, जोयडा, मग अणशी घाट. रामनगर म्हणजे सुपा धरणात घरं गेलेल्यांची वस्ती. जुनं सुपा गाव पाण्याखाली आणि तालुक्याचा कारभार जोयड्यात. गणेशगुडीला धरणाजवळ थोडं थांबलो. अडवून धरलेली ही काळी नदी आम्हाला पुढं कद्र्याला पुन्हा भेटली, आणि तिसऱ्यांदा थेट समुद्राच्या तोंडाशी. मधल्या घाटात मोबाईलला रेंज नाही आणि बाबांना वळणं सोसेनात. आलेपाकाची वडी गालात धरून डोळे मिटून बसले होते. "आलं काय रे?" एवढंच दर पाच मिनिटांनी.

दुसऱ्या दिवशी सकाळी पूल ओलांडून सदाशिवगडला गेलो. इथला जुना पूल ७ ऑगस्ट २०२४ ला मध्यरात्रीनंतर कोसळला, एक ट्रक नदीत गेला. चालक वाचला हे नशीब. आता आपण दुसऱ्या पुलावरून जातो, पण गाडीतले सगळे नकळत गप्प होतात.

हायवे गडाचा डोंगर कापूनच गेलाय. वर तटाचे अवशेष, दुर्गादेवीचं देऊळ आणि वारा. गड म्हणून बघायला आलात तर हिरमोड होईल. नजरेसाठी या. एका बाजूला काळीचं रुंद मुख, दुसरीकडं समुद्र आणि त्यात कासवासारखी बसलेली बेटं. त्यातल्या कुर्मगडावर जायचं होतं, पण माणसं जमल्याशिवाय बोटवाला सोडेना. आम्ही दोघंच.

"हा महाराजांनीच बांधला ना?" बाबांनी विचारलं. नाही. सोंद्याच्या राजानं नंतर बांधला, वडलांचं नाव दिलं. १७५२ मध्ये पोर्तुगीजांनी तो घेतला. मात्र महाराज १६६५ साली कारवारला आले होते, आणि गावावर बसवलेल्या खंडणीत इंग्रजांच्या वखारीनंही ११२ पौंड भरले होते, हे सांगितल्यावर बाबांचा चेहरा खुलला. "पावती घेतली असेल काय त्यांनी?"

ती वखार १६३८ ची. हुबळीकडचं तलम कापड, मिरी, वेलदोडे इथून बोटीत चढायचे. म्हणजे घाटावरचा माल उतरायचा तो याच बाजूला. पुढं १८६२ ला हा जिल्हा मद्रास इलाख्यातून मुंबई इलाख्यात आला आणि १९५६ ला आमच्यासारखाच म्हैसूर राज्यात गेला. उतरताना शहाळी विकणाऱ्या आजींनी कोकणीत विचारलं, "खंयचे तुमी?" बेळगाव म्हटल्यावर लगेच मराठीत आल्या. "आमची शाळा मराठीच होती," म्हणाल्या. बाबांनी आणखी एक शहाळं घेतलं. तहान नव्हती.

जेवणाचं काय सांगू! तिसऱ्यांचं, म्हणजे शिंपल्यांचं सुकं, तिरफळ घातलेला बांगडा, सोलकढी. बेळगावात बर्फातून येईपर्यंत बांगड्याचे डोळे मावळलेले असतात. हा अजून बघत होता. बाबांनी तिसरीची प्रत्येक शिंपली चाटूनपुसून ताटाच्या कडेला ओळीनं मांडली.

संध्याकाळी रवींद्रनाथ टागोर बीच. रवींद्रनाथांचे थोरले भाऊ सत्येंद्रनाथ, पहिले भारतीय आयसीएस, इथं जिल्हा न्यायाधीश होते. २२ वर्षांचे रवींद्रनाथ त्यांच्याकडं राहायला आले आणि 'प्रकृतीर प्रतिशोध' हे नाटक इथं लिहिलं. मला त्याहून आवडलेली गोष्ट म्हणजे सत्येंद्रनाथांनी तुकोबांचे अभंग बंगालीत नेले. किनाऱ्यावरच्या पाट्यांत हे कुठं दिसलं नाही.

वाळूला लागूनच नौदलाची 'चपळ' ही क्षेपणास्त्र नौका ठेवलीय. आत वाकूनच फिरावं लागतं. बाबांनी पहिल्याच दारात डोकं आपटलं, पण बाहेर यायला तयार नाहीत. जवळच परमवीरचक्र मिळवलेले रामा राघोबा राणे यांचा पुतळा. १९४८ ला नौशेरा ते राजौरी रस्त्यावरचे सुरुंग काढून रणगाड्यांना वाट करून देणारे राणे इथल्याच चेंडियाचे. मराठा लाइट इन्फंट्रीच्या गावात राहणाऱ्या माणसाला पुतळ्यापुढं थांबायला सांगावं लागत नाही. बाबा उभे होते तोवर सूर्य बेटांच्या मागं गेलासुद्धा. मी एकट्यानंच बघितला.

परतताना बाजारातून बाबांनी सुक्या बांगड्यांची मोठी पिशवी घेतली. आईसाठी म्हणे, आई मासे खात नाही. अणशीत वासानं चारी काचा उघड्या ठेवाव्या लागल्या. जाताना निम्मी उरलेली आलेपाकाची पुडी यावेळी मला लागली. बाबा मात्र सगळी वळणं टक्क जागे होते.