तुम्ही विचारलंत म्हणून: तावेर्नाचं रेस्टॉरंट का झालं

"जुनं तावेर्न होतं तेच बरं होतं, हे मेनूकार्ड कशाला?" हे विचारणारे बहुतेक जण समोर बिअर घेऊन बसलेले असतात.

तावेर्नाला, म्हणजे गोव्यातल्या छोट्या दारूच्या गुत्त्याला, एक काउंटर, दोन बाक, फेणीचे गराफांव (काचेचे मोठे बुधले) आणि तोंडी लावायला उकडलेली अंडी एवढं पुरायचं. जागा घरची आणि नोकर नाही, म्हणून परवडायचं. तेवढंच असावं असं माझंही मत होतं, अजून पुरतं सुटलेलं नाही.

पण 2017 विसरू नका. ज्या 2016 मध्ये गोवा सरकारनं फेणीला वारसा पेयाचा मान दिला, त्याच वर्षी 15 डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाचा आदेश आला: महामार्गापासून 500 मीटरच्या आत दारूविक्री नको. 31 मार्च 2017 ला खुलासा झाला की बारसुद्धा त्यात आले. वीस हजार किंवा कमी वस्तीच्या गावांना 220 मीटर. दुसऱ्या दिवसापासून अंमल. जुनी तावेर्नं वाटसरूंसाठी वाटेला चिकटूनच उभी राहिली. त्या वाटांचे महामार्ग नंतर झाले. पिऊन गाडी हाकणारे माणसं मारतात, हे मात्र मी नाकारत नाही.

एप्रिल म्हणजे हुर्राकाचा, काजूबोंडांच्या रसाच्या कोवळ्या दारूचा, भर. भाटीवर एकदाच उतरवलेला, जेमतेम 15 टक्क्यांचा. पावसाळ्यापर्यंत चव जाते. विकता येईना, ठेवता येईना; उरला मार्ग एकच, पुन्हा भाटीवर चढवून फेणी करणं. ती 42 ते 45 टक्क्यांची, काचेत वर्षानुवर्षं राहते. बूच सैल असेल तर जोर उडतो, प्लास्टिकच्या कॅनमध्ये वास धरते. पण फेणी साठवून त्या महिन्याचं वीजबिल भरत नाही. ज्यांच्याकडं शीतकडी, म्हणजे भात-कालवण, मिळत होती, त्यांची दारं उघडी राहिली; म्हणून आमच्याकडंही मेनूकार्ड आलं.

11 जुलैला पालिका हद्दीतले बार सुटले. हद्दीपलीकडच्या पंचायतींना फेब्रुवारी 2018 उजाडला. दारू दोन्हीकडं सारखीच चढत होती.

चुलीचीही डोकेदुखी आहेच. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद, तेव्हा शागुती (मसालेदार कोंबडी-मटणाचा रस्सा) आणि सुक्या बांगड्यावर भागवायचं. उभ्यानं कोप (पेला) रिचवणारे वाढले तर बाक परत मांडू. गॅस मात्र बंद होणार नाही.