खोक्यावरच्या चित्रात नसलेलं यंत्र

‘शाळेने मला काय दिले’ या विषयावर लिहा, असं शाळेच्या अमृतमहोत्सवी स्मरणिकेच्या संपादक मंडळाचं पत्र आलं. संस्कार, शिस्त, वाचनाची गोडी हे सगळं माझ्या आधीच्या आणि नंतरच्या पानांवर भरपूर येईल याची मला खात्री आहे. म्हणून मी एकाच गोष्टीबद्दल लिहितो. चेंडू वर चढवायचा, खाली सोडायचा आणि पुन्हा वर चढवायचा, एवढंच काम करणारी यंत्रं. उपयोग शून्य. पण माझं पुढचं सगळं आयुष्य त्यांच्यावर उभं राहिलं.

१९८९ च्या दहावीच्या आधीच्या-नंतरच्या तुकड्यांना प्रयोगशाळेतली लाकडी पेटी आठवत असेल. कुणा जुन्या विद्यार्थ्याने विलायतेहून परतताना शाळेला दिलेला तो मेकॅनोचा संच. हिरव्या पट्ट्या, तांबड्या प्लेटा, पितळी गिअर आणि कप्प्याकप्प्यांतून नट-बोल्ट. घरी काहींकडे मुंबईत तयार होणारा ‘मेकॅनिक्स’ नावाचा तसाच संच होता, त्यामुळे पट्टीला पट्टी जोडायचं कसब हातात होतं. पण पितळी गिअर फक्त शाळेत. हा मेकॅनो लिव्हरपूलच्या फ्रँक हॉर्नबी यांनी स्वतःच्या मुलांसाठी पत्रा कापून सुरू केला, १९०१ साली त्याचं पेटंट घेतलं, आणि १९०७ मध्ये त्याला ‘मेकॅनो’ हे नाव मिळालं. भोकं अर्ध्या-अर्ध्या इंचावर. हे अर्धा इंच प्रकरण लक्षात ठेवा, पुढे त्याने आमचा जीव खाल्ला.

भौतिकाच्या सरांनी पेटी आमच्या हवाली करताना त्यातली पुस्तिका काढून स्वतःच्या टेबलाच्या खणात टाकली. “ह्यात क्रेन आहे, पूल आहे, मोटार आहे. ते सगळं त्या लिव्हरपूलच्या माणसानं करून झालंय. तुम्ही काय करणार ते सांगा.” कुणीतरी धीर करून क्रेनच म्हणालं. सर म्हणाले, “क्रेन उभी केली की संपलं. दोन दिवस बघाल, तिसऱ्या दिवशी धूळ. मला न थांबणारं यंत्र पाहिजे. छरा वर जाईल, खाली येईल आणि निघाला तिथंच परत पोचेल. माणसानं हँडल फिरवायचं, चेंडूला हात लावायचा नाही.”

यात एक खोच होती आणि ती आम्हाला फार उशिरा कळली. क्रेन चांगली झाली की वाईट, यावर वाद घालता येतो. चेंडूच्या यंत्रावर वाद होत नाही. चेंडू परत येतो किंवा मधेच पडून प्रयोगशाळेच्या कोपऱ्यात, गॅसच्या नळ्यांखाली जातो. मग शिपाईमामा केरसुणीने तो बाहेर काढताना जे बोलायचे ते स्मरणिकेत छापण्याजोगं नाही.

छऱ्यांची, म्हणजेच आमच्या चेंडूंची, सोय कोल्हापुरात कधीच अवघड नव्हती. सायकलच्या मागच्या चाकाच्या हबमधले पाव इंची छरे कुठल्याही दुकानात मिळत. पण मेकॅनोच्या पट्टीवरून ते सोडले की दर अर्ध्या इंचाला भोकात किंचित बसायचे, उसळायचे आणि वेग कमी असला तर तिथेच मुक्काम ठोकायचे. तेव्हा उद्यमनगरातून मोठे छरे आणले. तिथे डिझेल इंजिनांची, पंपांची कामं रात्रंदिवस चालत आणि बाद बेअरिंगं कोपऱ्यात पडलेली असत. “काय करताय रं पोरांनो?” असं विचारून, उत्तर न ऐकताच मिस्त्री मूठभर गोळे ओंजळीत टाकायचे. पाऊण इंचाचे, तेलकट, हातात धरले की जडशीळ.

पट्टीऐवजी आम्ही दोन लोखंडी सळ्यांचे रूळ केले. तिथे सरांनी एक गंमत दाखवली, ती मी आजही नवीन इंजिनीअर मुलांना दाखवतो. सपाट फळी तिरकी धरा आणि एक लहान, एक मोठा छरा एकदम सोडा. दोघे बरोबर पोचतात. भरीव गोल वस्तू घरंगळते तेव्हा तिचं त्वरण, घर्षणाशिवाय घसरणाऱ्या ठोकळ्याच्या ५/७ असतं, मग ती केवढीही असो. आता तेच दोन छरे सारख्याच अंतरावरच्या दोन रुळांवर सोडा. मोठा जिंकतो. कारण रुळांमध्ये लहान छरा जास्त खोल बसतो, तो टेकतो ते बिंदू त्याच्या मध्याच्या जवळ येतात, मग तेवढंच अंतर कापायला त्याला जास्त गिरक्या घ्याव्या लागतात आणि उंचीतून मिळालेली बरीच ऊर्जा फिरण्यातच जाते. म्हणजे रूळ फाकवले की चेंडू हळू, जवळ आणले की जलद. उतार न बदलताही वेग बदलता येतो हे कळल्यावर वळणांवर चेंडू उडून जाणं बंद झालं.

उतरणं सोपं. खरी गंमत चढवण्यात.

आधी दोऱ्यावर काड्यापेटीची खोकी बांधून रहाट केला. जुलैच्या पावसाळी हवेत दोरा पुलीवर घसरायचा. दुसऱ्या गटाने मोठ्या चाकाच्या कडेला पेले लावून चेंडू उचलला. तो छान चालला, पण चाकाचा व्यास जेवढा तेवढीच उंची. आमच्या गटाने जिना केला. हा जिना कसा चालतो ते नीट सांगतो, कारण ज्यांनी पाहिला नाही त्यांना तो जादूच वाटतो.

उभ्या खांबांची एक रांग कल्पा. पहिला खांब स्थिर, दुसरा वर-खाली होणारा, तिसरा स्थिर, चौथा हलणारा. प्रत्येकाच्या डोक्यावर एक छोटी फळी, पुढच्या बाजूला किंचित उतरती. स्थिर खांब क्रमाने उंच होत जातात. हलणारा खांब खाली येतो तेव्हा त्याची फळी आधीच्या स्थिर फळीच्या थोडी खाली असते, म्हणून चेंडू घरंगळत तिच्यावर येतो. खांब वर जातो आणि पुढच्या स्थिर फळीच्या थोडा वर पोचतो, चेंडू तिकडे घरंगळतो. हँडलच्या प्रत्येक फेऱ्याला प्रत्येक चेंडू एक पायरी चढतो. चार चेंडू असले तर चारही एकाच वेळी, कवायत केल्यासारखे.

आता अर्धा इंच. मेकॅनोत सगळी मापं अर्ध्या इंचाच्या पटीत. हँडलबरोबर फिरून खांब वर-खाली करतो तो क्रँक. त्याची पिन मध्यापासून एक इंचावर लावली तर खांबाची धाव, म्हणजे तळापासून वरपर्यंतचा प्रवास, दोन इंच. पायरी किती ठेवायची? सगळ्यांचं उत्तर दोन इंच, कारण जेवढं उचलतो तेवढंच चढायचं. सरांनी फळ्यावर काढून विचारलं, “बरोबरीला आल्यावर चेंडूनं का जावं? त्याला उतार कोण देणार?” पायरी दीड इंच ठेवावी लागते. उरलेला अर्धा इंच निम्मा चढण्याआधी घरंगळायला, निम्मा चढल्यानंतर. म्हणजे दीड इंच वर जाण्यासाठी दोन इंच उचलायचं, आणि अर्धा इंच ही चेंडूला दिलेली लाच. (लाच हा शब्द सरांचा.) फळ्यांना उतार हवा म्हणून अख्खी चौकट एका बाजूला वॉशर घालून कलती केली. भोकं झाकायला पोस्टकार्डाचे तुकडे. खांबांच्या बाजूंना पुठ्ठा, म्हणजे चेंडू वेळेआधी पुढे निसटणार नाही.

सगळ्यात मोठी अडचण पेटी एकच असण्याची. मोठे गिअर मोजके, आणि प्रत्येक गटाला तेच हवे. त्यामुळे एका गटाचं यंत्र पाहून झालं की ते मोडायचं आणि पुढच्याने त्याच तुकड्यांतून वेगळं उभं करायचं. काही जण रडकुंडीला यायचे. पण या मोडण्यातूनच डोळा तयार झाला. चित्रात जे क्रेनचं चाक, ते इथे चेंडू उचलणारं चाक. जी मोटारीची चासिस, ती उभी केली की जिन्याची चौकट. तुकड्याला ठरलेलं काम नसतं, ते आपण देतो, हे आम्हाला कुणी शब्दांत सांगितलं नाही. दुसऱ्या गटाने आपलंच चाक भलत्या कामाला लावलेलं बघून ते कळलं आणि थोडा रागही आला. तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात आमचा जिना मांडला होता. परीक्षकांनी ‘सामाजिक उपयोग काय?’ असं विचारलं आणि बक्षीस सौरचुलीला गेलं. ते योग्यच होतं बहुधा. पण गर्दी आमच्या टेबलाभोवती होती, एवढं नमूद करतो.

पुढे मी औषधाच्या गोळ्या बाटल्यांत भरणाऱ्या यंत्रांच्या कामात पडलो. पगार मिळतो, बाकी फरक नाही. गोळ्या नरसाळ्यात ओतायच्या आणि एकेक करून बाहेर काढायच्या. नरसाळ्याच्या तोंडाशी गोळ्या एकमेकींना रेटून कमान करतात आणि वरचा सगळा माल त्या कमानीवर टेकून निवांत बसतो. वजन वाढवलं तर कमान आणखी घट्ट होते. उपाय एकच, तिला सतत हलवत ठेवायचं. पिठाच्या गिरणीत दाणे सोडणारी ती थरथरणारी पन्हाळ सगळ्यांनी पाहिली आहे, तिचं कामही तेच.

हा छंद जगात इतरही लोकांना आहे, हे मला भाचीमुळे कळलं. लेगोच्या, म्हणजे एकमेकांत बसणाऱ्या प्लास्टिकच्या विटांच्या, तुकड्यांतून अशीच यंत्रं करणाऱ्यांनी त्याला ‘ग्रेट बॉल कॉन्ट्रॅप्शन’ असं भारदस्त नाव दिलं आहे. अमेरिकेतले स्टीव्ह हॅसनप्लग आणि त्यांच्या मित्रांनी त्याचे मोजके नियम बसवले. प्रत्येकाने एक यंत्र करायचं आणि सगळी ओळीने शेजारी-शेजारी मांडायची. त्याला चेंडू झेलायला एक टोपली, बाहेरून १० बटणं (विटेवरचे गोल उंचवटे) लांब-रुंद आणि १० विटा उंच. लेगोचं बटण ८ मिलिमीटरवर आणि वीट ९.६ मिलिमीटरची, म्हणजे सुमारे ८ सेंटिमीटर चौरस आणि साडेनऊ सेंटिमीटरहून थोडी उंच. चेंडू १४ मिलिमीटरचा. सरासरी सेकंदाला एक चेंडू पुढे गेला पाहिजे. साठवून एकदम टाकायचे असतील तर ३० पेक्षा जास्त नकोत. आणि शेवटी चेंडू शेजाऱ्याच्या टोपलीत पडला पाहिजे. मधे काय करायचं त्याला नियम नाही. स्क्रू फिरवा, फेका, झोका द्या. जपानचे आकियुकी यांची यंत्रं इंटरनेटवर पाहिली तर जिना हा प्रकार किती नाजूक होऊ शकतो ते कळेल. आमचा लोखंडी जिना त्यापुढे बैलगाडी.

यातही एक उपपंथ आहे, आणि माझं मन तिथे जास्त रमतं. बाजारातला एकच तयार संच घ्यायचा आणि बाहेरचे तुकडे न वापरता त्यातूनच चेंडूचं यंत्र करायचं. चेंडू तेवढे वेगळे. भाचीकडे लेगो टेक्निकचा बकेट-व्हील एक्सकॅव्हेटर आहे, २०१६ चा, ३,९२९ तुकड्यांचा. खाणीत माती खणणारं अजस्र यंत्र. कंपनीने त्याच तुकड्यांतून खडी वेगळी करणारा एक फिरता कारखानाही सुचवला आहे. भाचीने दोन्ही करून बाजूला टाकले. मग त्याचे रणगाड्यासारखे पट्टे तिने जमिनीवरून उचलून उभे केले आणि त्यांना आडव्या फळ्या लावल्या. झाला रहाट, न घसरणारा. हॉलमध्ये बसून मिनिटाला ६० फळ्या वर गेल्या पाहिजेत म्हणून गिअरचे दात मोजत होती. चेंडू येईपर्यंत घरातल्या गोट्या वापरू, असा तिचा विचार होता. पण तिच्या डब्यातल्या गोट्या १६ मिलिमीटरच्या आणि दोन बटणांची वाटही १६ मिलिमीटरच. त्या पाचरीसारख्या अडकल्या. १४ मिलिमीटर हे माप उगाच ठरवलेलं नाही.

आताच्या संचांबद्दल माझी एक तक्रार आहे. पायरीपायरीने चित्रं इतकी नेमकी असतात की मूल ती बघत तुकडे लावत जातं, शेवटी चित्रातलं यंत्र होतं आणि ते शोकेसमध्ये जातं. किमती पाहता ते मोडायची छाती कुठल्याच आईबापांना होत नाही. पुस्तिका खणात टाकणारा माणूस घरात लागतो.

आता मुद्द्याचं. अमृतमहोत्सवाच्या माजी विद्यार्थी मेळाव्यात सभागृहाच्या एका भिंतीलगत टेबलं लावून द्यायला मुख्याध्यापकबाईंनी होकार दिला आहे. प्रत्येक तुकडीने एक यंत्र आणावं. लेगो, मेकॅनो, मेकॅनिक्स, पुठ्ठा, सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब आणि काड्या, काहीही चालेल. टोपली आणि चेंडू वर दिलेल्या मापाचे, दिशा डावीकडून उजवीकडे. शेवटच्या यंत्रापासून पहिल्यापर्यंत चेंडू परत आणणारा लांब उतार १९८९ ची तुकडी करणार आहे, रुळांसकट. सध्या आठवीत असलेल्या मुलांनी मधल्या तीन जागा आधीच मागून घेतल्या आहेत. कुणाकडे ९ व्होल्टच्या जादा मोटरी असतील तर घेऊन या, आणि टोपलीच्या तोंडाशी काहीतरी हलतं ठेवा. नाहीतर कमान होणार.