आंब्याचा चीक आणि बिब्याचे कुल
आंबा देठाकडून दातांनी सोलून खाण्याची माझी लहानपणापासूनची सवय एका मोसमात ओठांच्या कडेला पाण्याने भरलेले बारीक फोड उठले तेव्हा सुटली. हे फोड आंबा खाल्ल्यानंतर दोन दिवसांनी आले होते, त्यामुळे आंब्यावर संशय घेण्याचे मला सुचलेही नाही आणि मी साबण बदलून पाहिला. वनस्पतींच्या कुलांची जी यादी मी आजवर केवळ पाठांतराचा विषय समजत होतो, तिच्यातच या दुखण्याचे कारण सापडले.

आंबा, काजू, चारोळी, आंबाडा आणि बिबा ही झाडे एकाच आम्रकुलातील आहेत. सुमारे ८० प्रजाती आणि ८०० हून अधिक जातींच्या या कुलाची ओळख फुलांवरून पटतेच, पण मला अधिक महत्त्वाच्या वाटतात त्या सालीतून, पानांतून आणि फळांतून जाणाऱ्या राळेच्या नलिका. देठ मोडताच उडणारा चीक या नलिकांमधलाच असतो. बिबा उततो हे सर्वांना ठाऊक असते. आंबा त्याचा भाऊबंद आहे, हे मात्र सहसा लक्षात येत नाही.

उतणारे द्रव्य म्हणजे फिनॉल गटातील संयुगे. कार्बनच्या सहा अणूंच्या कड्याला पंधरा किंवा सतरा कार्बनची लांब शेपटी जोडलेली असते आणि या तेलकट शेपटीमुळे रेणू त्वचेत सहज मुरतो. जपानी लाखेच्या झाडातील अशा संयुगाला तिथल्या ‘उरुशी’ या शब्दावरून उरुशिऑल हे नाव मिळाले. त्वचेत त्याचे ऑक्सिडीकरण होते, ते प्रथिनांना चिकटते आणि शरीराच्या संरक्षक पेशी त्या जोडीला परकी समजून तिच्यावर तुटून पडतात. या पेशी जमा होण्यास वेळ लागतो, म्हणून फोड एकदोन दिवसांनी दिसतात. आंब्याच्या चिकात आणि सालीत याच घडणीची रेसॉर्सिनॉल संयुगे असतात, आणि या कुलातील एका झाडाने ज्याची त्वचा संवेदनशील केली आहे त्याला दुसरेही बाधू शकते.

झाडाला मात्र या संयुगांचा मोठा आधार असतो. कच्च्या आंब्याच्या सालीत ती भरपूर असतात आणि काळे डाग पाडणारी बुरशी तिथे सुप्त राहते. फळ पिकू लागले की त्यांचे प्रमाण घटते आणि बुरशी पसरते. सुंदर पिकलेल्या फळावर अचानक उमटणाऱ्या डागांचे हे एक कारण कळल्यावर त्या फळाकडे पाहण्याची माझी दृष्टीच बदलली.

काजूच्या टरफलातील तेल अधिक दाहक असते. त्यातील अ‍ॅनाकार्डिक आम्ल तापवल्यावर कार्बन डायऑक्साइड सोडून कार्डॅनॉल बनते, आणि त्यापासून तयार होणारी राळ वाहनांच्या ब्रेकमध्ये वापरतात. ‘नैसर्गिक’ म्हणजे निरुपद्रवी असे सरसकट म्हटले जाते तेव्हा मला हे टरफल आठवते.

आता मी आंबा धुऊन, देठाकडचा भाग कापून आणि साल सुरीने काढूनच खातो. गर मला कधीच बाधला नाही.